'मस्ट नॉट' म्हणजे 'नको' नव्हे: इंग्रजीत सक्ती आणि गरज कशी बोलायची

ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये मी नुकतीच रुजू झाले होते. शिक्षण कळव्याच्या मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, तोवर आमची तुकडी दहावी होऊन बाहेर पडली होती. व्याकरणात मार्क मात्र चांगले पडायचे, त्यामुळे भीती अशी नव्हती.

एका दुपारी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी विचारलं, 'डू आय हॅव टू सेंड द बँक स्टेटमेंट?' त्यांच्या अर्जासोबत स्टेटमेंट ऐच्छिक होतं. माझ्या डोक्यात उत्तर मराठीत तयार झालं: नको, पाठवायला नको. तोंडातून निघालं, 'नो सर, यू मस्ट नॉट सेंड इट.' त्यांनी पाकिटात घातलेलं स्टेटमेंट काढून ठेवलं. पत्त्याचा दुसरा पुरावा अंधुक निघाला, स्टेटमेंट सोबत असतं तर भागलं असतं. अर्ज परत गेला आणि त्यांचे अकरा दिवस वाया गेले. तक्रार आल्यावर टीम लीडरनी मला शेजारी बसवून ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकवलं आणि एवढंच म्हणाले, "तुम्ही त्यांना सूट दिली नाहीत, मनाई केलीत."

त्या दिवसापासून मी वही ठेवली. मराठीत 'लागतं', 'पाहिजे', 'नको', 'जायचंय' असं आपण दिवसभरात कितीदा म्हणतो, आणि प्रत्येक वेळी इंग्रजीत काय म्हणायचं, ते लिहीत गेले. गेली काही वर्षं आमच्याकडे नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींना तीच वही घेऊन शिकवते. त्यातलं जे सगळ्यांना अडतं, ते इथे क्रमानं मांडते आहे.

१. आधी हे जवळ घ्या

- एक साधी वही. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर इंग्रजी.
- फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर.
- तुम्ही स्वतः पाठवलेले दहा इंग्रजी ईमेल किंवा मेसेज.
- नियम लिहिलेला कुठलाही एक इंग्रजी कागद: सोसायटीची नोटीस, ऑफर लेटर, बँकेच्या अटींचं पत्रक.

शब्दांच्या अर्थांचे तक्ते पाठ करू नका. 'मस्ट म्हणजे पाहिजे, हॅव टू म्हणजे लागतं' हा तक्ता मलाही पाठ होता. होकारी वाक्यात तो कसाबसा चालतो, पण नकार आला किंवा वाक्य भूतकाळात गेलं की कोलमडतो.

२. इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्य नीट पकडा

मराठीत सक्तीचे बारीक बारीक प्रकार आहेत आणि आपण ते न चुकता वापरतो. आपल्याला नेमकं काय म्हणायचंय हे मराठीत ठरलं की इंग्रजी शोधणं सोपं जातं.

'मला रोज सातची गाडी पकडावी लागते.' इथे परिस्थितीनं भाग पाडलंय, माझी मर्जी कोणी विचारलेली नाही. इंग्रजीत 'आय हॅव टू'.

'मी आता व्यायाम करायला पाहिजे.' इथे मला पटलंय, पण केला नाही तर कोणी दंड करणार नाही. 'आय शुड'. 'ऑट टू'चा अर्थही जवळपास हाच, बोलण्यात मात्र तो कमी येतो. ओळखता आला तरी पुरे.

'मी आईला आज फोन केलाच पाहिजे.' त्या 'च'कडे लक्ष द्या. मीच मला बजावते आहे. 'आय मस्ट'.

'फॉर्मवर सही करायची गरज आहे.' काम पुरं व्हायला एवढं हवं. 'यू नीड टू'.

'मीटिंग चारला व्हायची आहे, तुम्ही पावणेचारला यायचं ठरलंय.' 'यू आर सपोज्ड टू'. लिहिताना 'सपोज' नाही, 'सपोज्ड'. शेवटचा 'ड' बोलताना ऐकू येत नाही, म्हणून लिहितानाही गळतो.

आता या पायरीवरचा सगळ्यात मोठा सापळा, 'जायचंय'. 'मला उद्या बँकेत जायचंय' हे वाक्य आपण इच्छा असली तरी वापरतो आणि काम असलं तरी वापरतो. इंग्रजीत बहुतेक जण सरळ 'आय वॉन्ट टू गो टू द बँक' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना बँकेत जायची हौस आहे. माझ्या एका सहकारी मुलीनं रजा मागताना लिहिलं होतं, 'आय वॉन्ट टू टेक माय मदर टू द हॉस्पिटल'. मॅनेजरनी उलट विचारलं, रविवारी नेता येईल का? आईची तपासणी त्याच दिवशीची होती. 'आय हॅव टू टेक माय मदर' असं लिहिलं असतं तर तो प्रश्नच आला नसता. म्हणून 'जायचंय' तोंडात आलं की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: मर्जीनं जाते आहे की जाणं भाग आहे?

३. 'मला' सोडा, 'मी' धरा

मराठीत सक्तीचं ओझं ज्याच्यावर, तो 'ला' घेऊन येतो: मला, तिला, आम्हाला जावं लागतं. माणूस बदलला तरी क्रियापद जागचं हलत नाही. इंग्रजीत तोच माणूस सरळ कर्ता होतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतं. आय हॅव टू, पण शी हॅज टू. 'शी हॅव टू' ही चूक इथूनच येते, कारण माणूस कोणीही असो, आपल्या कानाला 'लागतं' एकसारखं ऐकायची सवय आहे.

'हॅव टू'च्या प्रश्नात 'डू' किंवा 'डज' लागतोच: 'डज शी हॅव टू साइन?' आणि 'डज' आल्यावर 'हॅज'चा पुन्हा 'हॅव' होतो. 'मस्ट' आणि 'शुड'च्या मागे 'टू' कधीही लावू नका. 'आय मस्ट टू गो' मी अजून आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

४. नकार: इथे घाई करू नका

होकारात 'यू मस्ट सेंड' आणि 'यू हॅव टू सेंड' यांत फारसा फरक पडत नाही. दोन्हीकडून कागद पाठवायचाच आहे. नकार लावला की दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना जातात. 'यू मस्ट नॉट सेंड' म्हणजे पाठवायचं नाही, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू सेंड' म्हणजे पाठवावं लागत नाही, पाठवलंत तरी हरकत नाही.

आपण अडखळतो ते 'नको'मुळे. 'पाठवू नका' ही स्पष्ट मनाई. 'पाठवायला नको' मात्र दोन्हीकडे झुकतं. 'एवढ्या पावसात बाहेर पडायला नको' यात न पडण्याचा सल्ला आहे. 'आता वॉर्ड ऑफिसला जायला नको, ऑनलाइन होतं' यात फक्त गरज संपली आहे. मराठी ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजीत तुम्हाला बाजू निवडावीच लागते.

त्यासाठी मी 'चालेल'ची कसोटी लावते. मनातलं वाक्य 'चालेल' लावून पुन्हा म्हणायचं.

'नाही पाठवलं तरी चालेल' हे बसत असेल, तर 'यू डोन्ट हॅव टू' किंवा 'यू डोन्ट नीड टू'.

'पाठवलं तर चालणार नाही' हे बसत असेल, तर 'यू मस्ट नॉट'. बोलताना त्याऐवजी 'यू कान्ट' किंवा 'यू आर नॉट अलाउड टू' जास्त सहज वाटतं. अमेरिकन लोकांच्या बोलण्यात तर 'मस्ट नॉट' फारच क्वचित येतं.

'न पाठवलेलं बरं' एवढंच असेल, तर 'यू शुडन्ट'.

दवाखान्याच्या कागदावर ही गफलत महागात पडते. घरातल्या कोणाचं डिस्चार्ज कार्ड वाचताना 'मस्ट नॉट बी स्टॉप्ड' दिसलं तर गोळी बंद करायची नाही, असा त्याचा अर्थ. 'नीड नॉट बी कंटिन्यूड' दिसलं तर पुढे घ्यायची गरज नाही. दोन्हीकडे 'नॉट' आहे आणि सूचना उलट्या आहेत. शंका वाटली तर डॉक्टरांना मराठीत विचारा. तिथे इंग्रजीचा सराव करायला जाऊ नका.

त्या गृहस्थांसारखा प्रश्न आज कोणी विचारला तर मी सांगते: 'यू डोन्ट हॅव टू सेंड इट, बट इट विल हेल्प इफ यू डू.' पाठवावं लागत नाही, पण पाठवलंत तर उपयोग होईल.

५. भूतकाळ: काम झालं की राहिलं?

'मस्ट'ला भूतकाळ नाही. शाळेत हे नुसतं पाठ करून घेतात, कारण सांगत नाहीत. कारण असं, की 'मस्ट' हे रूप मुळात जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाच्या भूतकाळाचंच आहे. पुढे ते वर्तमानासाठी रुळलं आणि मागे जायला त्याच्याकडे वेगळं रूप उरलं नाही. म्हणून भूतकाळात 'हॅड टू'ला बोलवावं लागतं.

याच शोधात मला एक गोष्ट सापडली आणि ती मी अजून सगळ्यांना सांगत असते. 'ऑट' हा शब्द 'ओ'चा, म्हणजे देणं असण्याच्या क्रियापदाचा, जुना भूतकाळ आहे. 'शॅल'चा मूळ अर्थही देणं असणं हाच होता आणि 'शुड' त्याचाच भूतकाळ. आता आपलं मराठी बघा. 'मी त्याचं पाचशे रुपये देणं लागतो' आणि 'मला जावं लागतं'. दोन्हीकडे लागणेच. कर्ज आणि कर्तव्य आपण एकाच क्रियापदात ठेवलंय आणि इंग्रजीनंही कधीकाळी तेच केलं होतं. त्यानंतर मला हे शब्द परके वाटेनासे झाले.

आता वापराचं बोलू. भूतकाळात एकच प्रश्न विचारायचा: ते काम प्रत्यक्षात झालं का?

'काल मला आठपर्यंत थांबावं लागलं.' थांबले. 'आय हॅड टू स्टे.'

'काल मी थांबायला हवं होतं.' थांबले नाही, आता चुटपूट लागली आहे. 'आय शुड हॅव स्टेड.'

'काल मी थांबायचं ठरलं होतं.' बहुतेक थांबले नाही, निदान बोलण्याचा सूर तसा आहे. 'आय वॉज सपोज्ड टू स्टे.'

'काल मला थांबावं लागलं नाही.' गरज पडली नाही. 'आय डिडन्ट हॅव टू स्टे.'

'काल मी उगाच थांबले.' गरज नव्हती, तरी थांबले. 'आय नीडन्ट हॅव स्टेड.' हे शेवटचं वाक्य लगेच जमलं नाही तरी चालेल. 'आय स्टेड, बट आय डिडन्ट हॅव टू' म्हटलं तरी तोच अर्थ पोचतो.

नेहमीची चूक अशी: 'मी थांबायलाच हवं होतं' यातला जोर दाखवायला लोक 'आय मस्ट हॅव स्टेड' म्हणतात. त्याचा अर्थ 'मी थांबले असणार' असा होतो, जणू स्वतःच्याच कालच्या दिवसाचा अंदाज बांधतो आहोत. चुकीची कबुली देताना हे वाक्य फार घात करतं. आमच्याकडच्या एका मुलानं माफीच्या ईमेलमध्ये 'आय मस्ट हॅव चेक्ड द फाइल' लिहिलं. त्याला म्हणायचं होतं, मी फाइल तपासायला हवी होती. वाचणाऱ्याला वाटलं, हा म्हणतोय की मी बहुधा तपासली असेल. त्या एका ओळीवरून पुढचे दोन दिवस ईमेल फिरत राहिले.

६. अंदाज

'असणार' आणि 'असायला पाहिजे' यांनाही इंग्रजीत हेच शब्द लागतात. 'गाडी गेली असणार': 'द ट्रेन मस्ट हॅव लेफ्ट'. 'एव्हाना तो घणसोलीला पोचायला पाहिजे': 'ही शुड बी इन घणसोली बाय नाउ'. नकारात फक्त एक लक्षात ठेवा. 'तो घरी असणं शक्य नाही' याला 'ही कान्ट बी अॅट होम' म्हणतात. इथे 'मस्ट नॉट'नं सुरुवात करू नका.

७. समोर कोण आहे ते बघा

व्याकरण बरोबर असूनही माणूस दुखावतो, ते या पायरीवर.

मराठीत 'सर, तुम्ही ही फाइल आज बघायला पाहिजे' हे आपण हात जोडल्यासारख्या सुरात म्हणू शकतो. त्याचंच 'यू मस्ट सी धिस फाइल टुडे' झालं की तो हुकूम वाटतो, मग पुढे कितीही 'सर' लावा. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला सांगताना सक्ती माणसावरून काढून कामावर ठेवा: 'धिस फाइल नीड्स टू बी अप्रूव्ह्ड टुडे.' किंवा सरळ विनंती करा: 'कुड यू प्लीज लुक अॅट धिस टुडे?' ग्राहकाला 'यू हॅव टू पे' म्हणण्यापेक्षा 'द पेमेंट इज ड्यू बाय द टेन्थ' म्हटलं की तेच सांगून होतं आणि कोणाला लागत नाही.

'हॅड बेटर' जपून. त्यात 'बेटर' आहे म्हणून ते सौम्य वाटतं, 'केलंत तर बरं होईल' असं. प्रत्यक्षात त्यामागे 'नाहीतर बघा' असतं. 'यू हॅड बेटर रिप्लाय' हे मित्राला चालेल. आमच्या टीममध्ये ते ग्राहकाला लिहायचं नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगते.

एका जागी मात्र 'मस्ट' प्रेमाचं असतं. 'यू मस्ट कम होम फॉर गणपती', 'यू मस्ट ट्राय धिस मोदक'. आपण 'खाल्लंच पाहिजे' म्हणत ताटात आणखी एक ठेवतो, तोच भाव. परप्रांतातल्या सहकाऱ्याला घरी बोलावताना हे बिनधास्त वापरा.

८. कागदावरचा 'शॅल'

सोसायटीची नोटीस हातात घ्या. 'एव्हरी मेंबर शॅल पे' असं काही दिसलं तर ते 'सभासद भरतील' असं भाकीत नाही. नियमांच्या आणि कायद्याच्या भाषेत 'शॅल' म्हणजे बंधन. गोंधळ होतो कारण आपली कायद्याची मराठीही भविष्यकाळच वापरते. संविधानाचा अनुच्छेद ५१ क आठवा, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आलेला, शाळेच्या पुस्तकांत छापलेला: 'प्रत्येक भारतीय नागरिकाचे हे कर्तव्य असेल की...' इंग्रजीत तिथे 'इट शॅल बी द ड्यूटी' आहे. 'असेल' म्हणजे कदाचित, असं तिथे कोणी वाचत नाही. तसंच 'शॅल'चं. रोजच्या बोलण्यात मात्र सक्तीसाठी 'शॅल' वापरू नका, फार अवघडलेलं वाटतं.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत लागलेल्यांसाठी थोडं जास्त. इंटरनेटची मानकं लिहिताना हे शब्द काटेकोर वापरता यावेत म्हणून मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ हे छोटं टिपण निघालं. त्यात 'मस्ट' आणि 'शॅल' म्हणजे पूर्ण बंधन. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येतं, पण परिणाम समजून घेऊन. 'मे' म्हणजे ऐच्छिक. तुमच्या प्रोजेक्टच्या कागदांत हे शब्द मोठ्या लिपीत दिसले तर बहुधा याच अर्थानं घ्यायचे असतात. तिथला 'शुड' नुसता सल्ला समजून सोडून देऊ नका.

९. कानाला सवय लावा

बोलताना 'हॅव टू' असं सुटं ऐकू येत नाही. 'हॅफ्टू' येतं. 'हॅज टू'चं 'हॅस्टू', 'सपोज्ड टू'चं 'सपोस्टू', 'शुड हॅव'चं 'शुडव्ह'. 'मस्ट नॉट' जोडून आलं की 'मसन्ट', मधला 'ट' गडप. हे माहीत नसलं तर फोनवर निम्मी सक्ती कानावरून जाते. रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज घेऊन ऐका.

ठाणे-वाशी गाडीला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात मी पाच वाक्यं लिहायची. दिवसभरात मराठीत खरोखर बोललेली, पुस्तकातली नाहीत. सोबत ते दहा जुने ईमेल रोज एक याप्रमाणे तपासायचे: 'मस्ट' कुठे आलाय, तो हुकूम झालाय का, 'वॉन्ट'च्या जागी 'हॅव टू' हवं होतं का. सुरुवातीला ही पाच घ्या. उजवी बाजू झाकून आधी स्वतः लिहून बघा.

- उद्या रक्ततपासणीला उपाशीपोटी यावं लागेल. — यू विल हॅव टू कम ऑन अॅन एम्प्टी स्टमक फॉर द ब्लड टेस्ट टुमॉरो.
- इथे गाडी लावायची नाही. — यू कान्ट पार्क हिअर.
- झेरॉक्स नाही आणली तरी चालेल. — यू डोन्ट हॅव टू ब्रिंग अ फोटोकॉपी.
- मी तुम्हाला आधी कळवायला हवं होतं. — आय शुड हॅव टोल्ड यू अर्लिअर.
- टँकर आला नाही म्हणून आम्हाला पाणी विकत घ्यावं लागलं. — द टँकर डिडन्ट कम, सो वी हॅड टू बाय वॉटर.